व्हीएसडीच्या शस्त्रक्रियेनंतर बाळ व्हेंटिलेटरवरून निघत नाही : दुसरा दोष राहून गेला असेल का?

प्रश्न (आत्या) :
माझ्या भावाच्या चार महिन्यांच्या मुलीचे व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधले छिद्र, गेल्या आठवड्यात शस्त्रक्रियेने बंद केले. पॅच नीट बसल्याचे टू-डी इकोमध्ये दिसते. तरीही व्हेंटिलेटर कमी करायला घेतला की तिचा रक्तदाब उतरतो आणि लघवी कमी होते. आता डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन, सुचवली आहे. आधी एकच दोष सांगितला होता, मग दुसऱ्याची शंका आत्ता का यावी? वहिनीला हे नीट समजावून सांगायचे आहे.

उत्तर (बालहृदयरोग विभागातील डॉक्टर) :
अहवाल न पाहता तुमच्या भाचीचे निदान मी करू शकत नाही. फुफ्फुसातील संसर्ग, फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला वाढलेला दाब किंवा श्वासपटलाच्या नसेला झालेली इजा, यांमुळेही असे होते. मात्र पहिला दोष कधी कधी दुसऱ्याला झाकून ठेवतो. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी डावी धमनी महाधमनीऐवजी फुफ्फुसधमनीतून निघाली असेल (या दोषाला अल्कापा म्हणतात), तर मोठे छिद्र असेपर्यंत फुफ्फुसधमनीत दाब जास्त राहतो, तिथल्या रक्तात प्राणवायूही बऱ्यापैकी असतो आणि त्यावर स्नायूचे भागते. छिद्र बंद होताच दोन्ही घटतात, डावा कप्पा थकतो आणि मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) गळू लागते. हा दोष दुर्मीळ आहे, सुमारे ३ लाख जन्मांत एक, आणि छिद्रासोबत तर त्याहून विरळ. पण ती धमनी महाधमनीला जोडून दिल्यावर बहुतेक बाळांचा डावा कप्पा काही महिन्यांत सावरतो, म्हणून तो शोधलाच पाहिजे. ईसीजीतले बदल आणि डाव्या कप्प्याची आकुंचनशक्ती यांविषयी जरूर विचारा. स्नायुमय पडद्यातली लहान छिद्रेही मोठ्या छिद्रामुळे आधी लक्षात येत नाहीत.

उत्तर (एका मुलाची आई) :
ताई, आमच्या मुलाची महाधमनी एका जागी अरुंद होती. जन्मानंतर पीडीए, म्हणजे महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांना जोडणारी, एरवी जन्मानंतर मिटणारी नळी, उघडी असल्यामुळे ते कळले नव्हते. शस्त्रक्रियेनंतर एका सिस्टरने उजव्या हाताला आणि मग पायाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, तेव्हा पायातला दाब बराच कमी निघाला आणि तिथून पुढचा तपास सुरू झाला. चारही हातापायांचे रक्तदाब मोजले आहेत का, एवढे तरी विचारा. वहिनींना हेही सांगा की गरोदरपणात त्यांच्याकडून काही राहून गेले म्हणून हे झालेले नाही. मला ते कोणी वेळेवर सांगितले नव्हते.

आत्या :
दोघांचेही मनापासून आभार. सीटी उद्या सकाळी आहे. ईसीजी आणि पायातला रक्तदाब, दोन्हींविषयी आज संध्याकाळच्या राउंडला भाऊ विचारणार आहे.