अनुभव धागा: कार्बोरेटरवाली स्कूटर बंद पडते तेव्हा

२०२० साली बीएस६ हे धुराचे नवे नियम आले आणि नव्या स्कूटरींमधून कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, थोडक्यात कार्ब) गेला, पण जुन्या अ‍ॅक्टिव्हा, प्लेजर, कुणाकडे वडिलांची चेतक, अजून रोज रस्त्यावर आहेत आणि त्या उघडणारे जुने मिस्त्री मात्र कमी होत चाललेत. म्हणून धागा काढलाय. स्वतःच्या गाडीचं काय झालं, दोष नेमका कुठे सापडला ते लिहा, नुसतं "कार्ब साफ करा" नको.

*

आमच्याकडे चेतक आहे, कोल्हापुरात. टू-स्ट्रोक, लिटरला २० मिली ऑइल घालतो. गाडी महिनाभर उभी राहिली की कार्बच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि खाली ऑइलचा चिकट थर राहतो, तोच पायलट जेटच्या, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तुकड्याच्या, बारीक भोकात बसतो. मग किक मारून मारून पाय दुखतात, चोक ओढला की चालू होते आणि चोक सोडला की बंद. जेट साफ करताना सुई अजिबात घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पीत राहते आणि प्लग काळा पडतो. मी वायरमधली तांब्याची एकच बारीक तार काढतो, जेट पेट्रोलमध्ये भिजवून ती हलकेच आरपार नेतो, मग हवा मारतो, आणि उजेडाकडे धरून बघतो, भोक गोल स्वच्छ दिसलं पाहिजे. जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर घर जवळ आलं की कॉक (टाकीतून येणारं पेट्रोल चालू-बंद करायची चावी) बंद करायचा, वाटी रिकामी होऊनच गाडी थांबते.

*

मी चिपळूणची. पावसाळ्यात माझी जुनी अ‍ॅक्टिव्हा सुरू व्हायची, थोडी चालायची आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की धाप लागल्यासारखी दबायची. दोनदा प्लग बदलून झाला, फरक शून्य. शेवटी शेजारच्या काकांनी वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं तर तळाशी पाण्याचा थर सरळ वेगळा दिसला! सीट फाटलेली, पाणी झिरपून टाकीच्या झाकणापाशी साचायचं आणि झाकणाचं रबर चिरलेलं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी आधी ओढून घेतं आणि प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून खाली बसतात, त्यामुळे कोकणात हे जास्तच होणार. टाकी पूर्ण रिकामी करून, नवीन रबर, नवीन सीट कव्हर. कार्बला हातही लावावा लागला नाही.

*

वरच्या ताईंसारखंच, माझाही कार्ब निर्दोष निघाला. पुण्यात गाडी पाच-सहा किलोमीटर गेली की बंद, दहा मिनिटांनी आपोआप चालू. एका गॅरेजवाल्याने नवीन कार्बच सांगितला होता. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडलं तर सुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू. झाकणातलं हवेचं भोक मातीने बुजलेलं, बाहेरची हवा आत येत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. म्हणून म्हणतो, आधी झाकण, मग पाइप, मग फिल्टर, कार्ब सगळ्यात शेवटी.

*

अ‍ॅक्टिव्हावाल्यांनी व्हॅक्युमचा पाइपही बघा हो. तिच्यात हाताने फिरवायचा कॉक नाही, इंजिनच्या ओढीने कॉक उघडतो. तो बारीक पाइप तडकला की पेट्रोल येत नाही, वर हवा शिरून आयडलिंगही बिघडतं. सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज पाइपला लावून दट्ट्या ओढायचा, खाली पेट्रोलची धार आली तर कॉक ठीक. सिरिंजमध्येच पेट्रोल आलं तर आतला पडदा फाटलाय, कॉक बदला.

*

माझ्या प्लेजरचं पेट्रोल गाडी उभी असताना ओव्हरफ्लोच्या नळीतून टपकतंय, काय करू?

*

फ्लोटच्या (वाटीत तरंगणाऱ्या आणि वाटी भरली की पेट्रोल थांबवणाऱ्या भागाच्या) सुईखाली कचरा अडकला असणार. वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोके द्या, कधी कधी तेवढ्याने सुटतो. नाही थांबलं तर सुई काढून तिचं टोक बघा, टोकावर कडं उमटलं असेल तर नवीनच घाला. आणि गाडी चालवण्याआधी इंजिन ऑइलची कांडी काढून वास घ्या, कारण गळणारं पेट्रोल कधी इंजिनात उतरतं आणि ऑइल पातळ होतं. वास आला तर आधी ऑइल बदला. हे सगळं उघड्यावर, इंजिन थंड असताना, आणि आसपास कुणी बिडी ओढत नाही ना ते बघून.

*

ठोके दिले, थांबलं टपकणं. कांडीला वास नाहीये. रविवारी तरी सुई उघडून बघतेच.