मदत हवी आहे : प्लॉटचं पाणी विहिरीत उतरतंय, चर कुठून काढू?

कडवाकाठ : निफाड तालुका, द्राक्षाचा दोन एकर प्लॉट. मोठा पाऊस झाला की सगळं पाणी खालच्या अंगाला चुलत्यांच्या विहिरीत. गेल्या पावसाळ्यात विहीर चहासारखी झाली, तेव्हापासून काका बोलत नाहीत. उद्या सकाळी जेसीबी येतोय. नाल्यापर्यंत सरळ चर मारला तर चालेल ना? लवकर सांगा.

बांधावरचा : जमीन काळी का मुरमाड? उतार किती? नाला कुठंय? काही तरी सांगा भाऊ.

कडवाकाठ : काळीच की. उतार साधाच. नाला विहिरीच्या पलीकडे.

नळीवाला नाना : काळ्या जमिनीत चर बुजतो. तीन फुटांवर छिद्रांची नळी टाका. माझ्याकडे काचेसारखं पाणी बाहेर पडतं.

बांधावरचा : काचेसारखं दिसलं म्हणजे स्वच्छ नसतं नाना. युरियाचं नायट्रेट विरघळलेलं असतं, ते तुमच्या नळीतून थेट नाल्यात. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे 45 मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

नळीवाला नाना : माझ्या वेलींच्या मुळ्या कुजायच्या थांबल्या. तुम्ही मोजत बसा.

ओझरकर ताई : पाणी उकळून प्यावं, काही होत नाही.

बांधावरचा : ताई, उकळून जंतू मरतात. नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं.

गवताळ : आधी गाळाचं बघा. बुरशीसाठी फवारतो त्या बोर्डो मिश्रणातलं तांबं मातीला चिकटतं आणि गाळाबरोबर वाहतं. सरळ चर मारला तर विहीर वाचेल, पण तोच गाळ नाल्यातून कडवा नदीत आणि पुढं नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीत. 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर ठिकाण, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं ते, आणि आपण त्यात माती ओततोय. चर उताराला आडवा, जरासा ढाळ देऊन. टोकाला गाळाचा खड्डा, त्यापुढे गवताचा रुंद पट्टा, मग नाला. मोठ्या पावसानंतर खड्डा उपसायचा, नाहीतर पुढचा पाऊस तोच गाळ उचलतो. गाळ परत प्लॉटमध्येच टाका, माती तुमचीच आहे. नायट्रेटला मात्र गवत फारसं पुरत नाही. खत ड्रिपमधून थोडं थोडं द्या आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर देऊ नका.

कडवाकाठ : गवत म्हणजे हराळी? ती प्लॉटमध्ये घुसली तर?

गवताळ : हराळी कोण लावतंय! वाळा लावा, तो पसरत नाही. बरं, फवारणीचा ब्लोअर कुठं धुता?

कडवाकाठ : विहिरीपाशीच. पाणी तिथंच आहे ना.

बांधावरचा : हे आता सांगताय?

गवताळ : आजपासून बंद. टाकी प्लॉटमध्येच विसळायची आणि ते पाणी तिथंच फवारून टाकायचं. विहिरीला कठडा आहे?

कडवाकाठ : निम्मा. वरच्या अंगाचा ढासळलाय.

नळीवाला नाना : नळी टाकली असती तर...

कडवाकाठ : जेसीबी परवावर ढकललाय. काकूंना फोन केला, म्हणाल्या आधी कठडा बांध, मग बोल.

लासलगावचा कांदा : जेसीबी तासाला किती घेतोय?