मदत हवी आहे: 'पुट ऑफ'चं कर्म माणूस असेल तर अर्थ कोणता धरायचा?

'पुढे ढकलणे' हा अर्थ पक्का आहे. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही चालतं, सर्वनाम मात्र मधेच: 'पुट इट ऑफ'. पुढे क्रियापद आलं तर 'गोइंग' येतं, 'टु गो' नाही. 'कॉल ऑफ' म्हणजे थेट रद्द, तो घोळही नाही.

अडतंय ते कर्म माणूस असल्यावर. 'द स्मेल पुट मी ऑफ माय फूड' म्हणजे वासानेच अन्नावरची वासना उडाली. 'आय पुट हिम ऑफ टिल मंडे' म्हणजे त्याला सोमवारपर्यंत टोलवलं. आणि कोणी काम करताना मधेच बडबडला तर 'यू आर पुटिंग मी ऑफ', म्हणजे लक्ष विचलित करतोयस. (इंग्रजांनी एकाच शब्दावर किती ओझं टाकावं!)

कर्ता वस्तू असेल किंवा 'टिल' असेल तर अर्थ लागतो. पण नुसतं 'शी पुट हिम ऑफ'? तिने त्याला टोलवलं, की तिच्यामुळे त्याचं मन उडालं? शब्दकोशांत दोन्ही अर्थ आहेत, पण उदाहरणांत संदर्भ आयताच दिलेला असतो. 'पोस्टपोन' सुचवू नका, त्याचं कर्म माणूस होत नाही. प्रश्न रोजच्या बोलण्याचा आहे, परीक्षेचा नाही.

संदर्भ नसताना ऐकणारा आधी कोणता अर्थ घेतो? आणि 'टोलवणे'च म्हणायचं असेल, पण मुदत सांगायची नसेल, तर 'केप्ट पुटिंग हिम ऑफ' म्हटल्याने संदिग्धता पूर्ण जाते का?