मदत हवी आहे : लांबलेल्या आगीत राबणाऱ्या जवानांची काळजी घ्यायला कुठे शिकायचं? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

मी पूर्व नागपुरात राहतो. आमच्या वस्तीत पंधरा-वीस जणांचा गट आहे, गणपती-दुर्गा उत्सवात राबणारी नेहमीचीच माणसं. आग विझवायला आत जायचं नाही, ते आमचं काम नव्हे. पण आग दोन-दोन दिवस चालली की तिथल्या जवानांना सावली, पाणी, खाणं आणि विसावा नीट देता यावा, एवढं शिकायचं आहे.

का, ते सांगतो. मे महिन्यात घराजवळच्या एका कापसाच्या गोदामाला आग लागली. गाठी वरून विझल्या तरी आत धुमसत राहतात. एकेक गाठ फोडून, पसरून पुन्हा पाणी मारावं लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोहे, तर्री आणि बर्फाचं पाणी घेऊन गेलो. एक जवान बंबाच्या चाकाला टेकून बसला होता. जाड कोट गळ्यापर्यंत बंद. काजळीने काळ्या झालेल्या हातांनीच त्याने पोहे खाल्ले, पाणी गटागटा प्यायला आणि तिथेच ओकला. आमच्यातल्या एकाकडे कोरोनाच्या वेळचं ऑक्सिमीटर होतं. बोटाला लावलं, 98 आलं. आम्हीच म्हटलं, "भाऊ, ठीक आहे तुम्ही." तो उठून पुन्हा आत गेला. अर्ध्या तासाने दोघांनी धरून त्याला बाहेर आणलं. वाचला. पण ते 98 माझ्या डोक्यातून जात नाही.

राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आणि आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) अकादमी, म्हणजे पूर्वीचं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय, दोन्ही आपल्याच शहरात. तरी आम्हाला साधं पाणी पाजता येऊ नये? नेमकं काय तपासायचं, जवानाला परत कधी सोडायचं आणि ते कोणी ठरवायचं? पुरात काय करायचं? 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात शिरली, तेव्हा बचावाची माणसं तासन्‌तास ओल्या कपड्यांत होती.

प्रतिसाद (अग्निशमन सेवेतून निवृत्त) :

भाऊ, आधी त्या 98 चं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि साध्या ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनच वाटतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, बोलणं असंबद्ध आहे, असं दिसलं की आकडा बघत बसू नका, 108 च्या डॉक्टरच्या हवाली करा. परत सोडायचं की नाही हे डॉक्टर आणि घटनास्थळाचा अधिकारी ठरवतील. तुम्ही ते ओझं घेऊ नका.

अमेरिकेत तिथल्या अग्निसुरक्षा संघटनेच्या एनएफपीए 1584 या मानकात नियम घालून दिला : पाठीवरच्या श्वसनयंत्राचे (बीए) तीस मिनिटांचे दोन हवेचे सिलेंडर संपले की बाहेर येऊन निदान वीस मिनिटं विसावा. आपल्याकडे अडचण अशी की जवान स्वतःहून बसत नाही, त्याला कमीपणा वाटतो. म्हणून आत-बाहेरच्या वेळा लिहायला एक माणूस ठेवा आणि वेळ झाली की अधिकाऱ्यालाच हाक मारायला सांगा.

मंडप वारा ज्या बाजूने येतो त्या अंगाला, बंबाच्या धुरापासून लांब. आल्या आल्या कोट उघडा, हातमोजे काढा, साबणाने हात-तोंड धुवायला लावा, मग खाणं. कोपरापर्यंत हात गार पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं ठेवले की अंगातली आग उतरते. आपल्या कोरड्या उन्हात डेझर्ट कूलरही चांगला चालतो, पावसाळ्यात मात्र त्याचा उपयोग नाही. पाणी घोटाघोटाने. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. पुरात टबाऐवजी कोरडे कपडे, टॉवेल आणि गरम चहा.

शिकायचं असेल तर जवळच्या केंद्राच्या स्टेशन ऑफिसरला भेटा. 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो, तेव्हा ते लोकांसाठी वेळ काढतात. पण त्यांना न विचारता आगीच्या जागी मंडप टाकू नका.

मूळ लेखक :

काका, मनापासून आभार. सोमवारीच केंद्रावर जातो. कूलर दोघांकडे आहेत, टब जमवतो. फक्त एक : रक्तदाब आणि नाडी मोजायला आमच्या वस्तीतल्या नर्सताई तयार आहेत. त्यांना आधी कोणाकडून काय शिकवून घ्यावं? इथे कोणी डॉक्टर असतील तर कृपया लिहा.