प्रति : नाताळचा खरा अर्थ

नाताळ आता केक, चांदण्या आणि खरेदीपुरता उरला आहे, ही ‘नाताळचा खरा अर्थ’ या लिखाणातील खंत मला पटते; पण शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधील चार पुस्तकांत, त्याच्या जन्माची तारीखच नाही म्हणून सणाला आधार नाही, हा त्यातील निष्कर्ष मात्र पटत नाही. 25 डिसेंबर हा दिवस रोममध्ये चौथ्या शतकात पाळला जाऊ लागला, हे खरेच आहे. परंतु श्रद्धा तारखेवर नव्हे, तर देव मनुष्य झाला या घटनेवर उभी आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बाळ येशूला गव्हाणीत ठेवल्याचे सांगितले आहे, कारण उतारशाळेत, म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाच्या जागी, जागा नव्हती. आपल्या कोल्हापुरात गव्हाण म्हटले की साखर कारखान्याच्या गव्हाणीत पडणारी हंगामाची पहिली मोळी आठवते. पण त्याआधी ती गोठ्यातली, जनावरांना वैरण टाकण्याची जागा असते आणि तारणारा तिथे निजला, हे ज्याने म्हशीखालचे शेण काढले आहे त्याला अधिक खोलवर कळते, असे मला मनापासून वाटते. पहिली वार्ताही राजवाड्यात नव्हे, तर रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना मिळाली. प्रेषित पौल फिलिप्पै नगरातील ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहितो की ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले. गव्हाण ही त्या रिक्ततेची सुरुवात आहे आणि वधस्तंभ तिचा शेवटचा टप्पा, म्हणून या दोहोंना वेगळे करून नाताळ समजत नाही.

येथील वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये नाताळच्या उपासनेला बसण्याआधी मी लूकचा हाच अध्याय घरी सर्वांसमवेत मोठ्याने वाचतो.