रेडिएटरच्या खालच्या टाकीजवळ गळती: डाख (कथलाचा जोड) टिकेल का कोअरच (नळ्या-पत्र्यांची जाळी) बदलावा?

प्रश्न (औसा)
४५ एचपीचा जुना ट्रॅक्टर, रेडिएटर पितळी टाक्यांचा. खालच्या टाकीत नळ्या शिरतात तिथून थेंब थेंब पाणी गळतंय. नांगरटीत काटा ठीक राहतो, सोयाबीनच्या मळणीला लावला की तासाभरात लाल पट्ट्यात. एम-सील लावलं होतं, दोन दिवसांत सुटलं. आत बोअरचं पाणी आहे. घरी डाख देता येईल का?

उत्तर (परभणी)
भाऊ, ही दोन वेगळी दुखणी आहेत. मळणीत ट्रॅक्टर एकाच जागी उभा असतो आणि पंखा भुसकट ओढून जाळीत कोंबतो, म्हणून तापतो. पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हवा मारा. समोरून मारली तर भुसकट आणखी आत जातं. नोझल हातभर लांब आणि सरळ धरा, तिरकं धरलं की जाळीच्या पातळ पत्र्या मुडपतात. डिझेल फवारू नका, त्याला धूळ चिकटते. पंख्याचा पट्टाही बघा: अंगठ्याने दाबल्यावर साधारण १०-१५ मिमी दबला पाहिजे.

उत्तर (लातूर)
एम-सील तिथे टिकणारच नाही. खाली क्षाराची खपली, वर रंग, त्यात पितळ तापून फुगतं. डाखच हवा, पण ब्लो-लॅम्पचा सराव नसेल तर घरी नको. डाख २०० अंशांच्या आसपासच वितळतो, एक सांधा जोडताना शेजारचे चार सुटतात. म्हणून कारागीर शेजारी ओली चिंधी ठेवतात.

दुकानात उभं राहून एवढं बघा. जागा चकचकीत पितळ दिसेपर्यंत घासली पाहिजे. जस्त विरघळवून मारलेलं (सौम्य केलेलं) ॲसिड लावून मगच कथील. नंतर सोड्याच्या पाण्याने धुवायलाच लावा, नाहीतर उरलेलं ॲसिड पितळ खातं आणि महिन्याभरात हिरवा चट्टा दिसतो. शेवटी तोंडं बंद करून पाण्याच्या हौदात बुडवून १ किलो दाबापर्यंतच हवा भरून गळती बघावी. जास्त दिली तर टाकीच फाटते.

वरची टाकी उघडून नळ्यांत चपटी सळई फिरवून घ्या, बोअरच्या पाण्याने निम्म्या बुजल्या असतील. पत्र्या बोटाने घासल्यावर गळून पडत असतील तर डाखावर पैसे घालू नका, कोअर बदला. ॲल्युमिनियमच्या कोअरला, प्लास्टिकच्या टाकीला हा डाख चालत नाही.

प्रश्नकर्ता
थंड इंजिन सुरू करून कॅप काढली तर बुडबुडे येतात.

उत्तर (लातूर)
मग थांबा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. थ्रॉटल वाढवल्यावरही सारखे येत राहिले तर हेड गॅस्केटमधून (इंजिनच्या हेडखालच्या पॅकिंगमधून) गॅस पाण्यात जातोय. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसतंय का बघा. गॅस्केट तसंच ठेवून रेडिएटर केला तर त्या दाबाने नवा डाखही फुटेल. तापलेल्या इंजिनची कॅप मात्र उघडू नका.

उत्तर (परभणी)
भरताना बोअरचं पाणी बंद. कॉन्सन्ट्रेट कूलंट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात, बहुधा निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. तयार कूलंटमध्ये पाणी घालायचं नाही. जुनं कूलंट काढाल तेव्हा घमेल्यात धरा. ते गोड लागतं, कुत्रं किंवा वासरू चाटलं तर दगावतं. कॅपचं रबर चिरलं असेल तर कॅपही बदला, तेवढ्याच दाबाची.