फोनवरच्या क्रोमचे कन्सोल लॉग लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये कसे आणायचे?

यार्डातला_कोडर (सांगली)
मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी छोटं वेब ॲप करतोय, रिॲक्ट (जावास्क्रिप्टची लायब्ररी) आणि व्हीट (कोड चालवायचं आणि बिल्ड करायचं टूल) वापरून. हळदीच्या पोत्यांचं वजन टाकायचं, दर टाकायचा की पट्टी तयार. लॅपटॉपवर सगळं बरोबर चालतंय पण दिवाणजींच्या फोनवर रकमेच्या जागी एनएएन (NaN, म्हणजे 'हा आकडाच नाही') येतंय आणि कन्सोल, म्हणजे कोडनं छापलेले मेसेज, बघायला फोनवर काय एफ-१२ दाबता येत नाही. सौदे चालू असताना ते फोन हातातनं सोडत नाहीत त्यामुळं केबल लावून बसणं पण जमत नाही. दुकानाच्या वायफायवर दोन्ही जोडलेत. डेव्ह सर्व्हर (लॅपटॉपवरनं ॲप दाखवणारा व्हीटचा सर्व्हर) चालू असतो त्याच टर्मिनलमध्ये फोनचे लॉग दिसतील असं काय आहे का?

मिरज_जंक्शन
लॅपटॉपवरच्या क्रोमचं सोपं आहे, सगळ्या विंडो बंद करून क्रोम टर्मिनलमधनंच चालू कर, एनेबल-लॉगिंग फ्लॅगला स्टेडएरर दे (--enable-logging=stderr), लॉग ओळ नंबरासकट येतात. क्रोमची स्वतःची बडबड पण येते, ती ग्रेपनं (ओळी शोधून गाळणारी कमांड) गाळायची. फोनला मात्र हे चालणार नाही, आणि क्रोम इन्स्पेक्टला (फोनचं पान लॅपटॉपवरनं तपासायची सोय) सहसा केबल लावतात.

कराडकर_ताई
केबलची गरजच नाही भावा. हॉट रिलोडसाठी (कोड बदलला की पान आपोआप ताजं होतं ते) व्हीटचा वेबसॉकेट, म्हणजे दोन्हीकडनं मजकूर जाणारी कायम चालू जोडणी, फोनपर्यंत आधीच जोडलेला असतो, त्याच्यावरनंच लॉग पाठव. ब्राउझरमध्ये कन्सोल डॉट लॉग आणि एरर गुंडाळून घे, आतनं मूळ फंक्शन पण बोलव आणि इम्पोर्ट मेटा हॉटच्या सेंडनं (import.meta.hot.send) मजकूर पाठव. कॉन्फिगमध्ये एक बारकं प्लगिन लिही, त्याच्या कॉन्फिगर-सर्व्हरमध्ये तो इव्हेंट ऐकून छापायचा. इम्पोर्ट मेटा हॉट असेल तरच, अशी अट घातली की प्रॉडक्शन बिल्डमध्ये हा कोड जातच नाही.

पण एक नीट बघ, पाठवायच्या आधी ब्राउझरमध्येच प्रत्येक गोष्टीची स्ट्रिंग करून घे. वस्तू तशीच सोडलीस तर जेसनमध्ये (माहिती मजकूर करून पाठवायचा साचा) एनएएनचं नल होतं, जिची किंमत अनडिफाइन्ड आहे ती की (key) गायब होते आणि एरर ऑब्जेक्ट नुसता रिकामा महिरपी कंस होऊन येतो कारण त्याचा मेसेज आणि स्टॅक जेसनला दिसत नाहीत. तुला एनएएनच शोधायचाय आणि टर्मिनल नल दाखवणार, मग दिवसभर भलतीकडंच शोधत बसशील. एररचा स्टॅक वेगळा काढून पाठव.

यार्डातला_कोडर (सांगली)
ताई, लागलं एकदम! वजनाची कच्ची स्ट्रिंग छापली तर टर्मिनलमध्ये "५२.५" आलं, मराठी आकड्यात. दिवाणजींचा कीबोर्ड मराठी आहे आणि मी इनपुट टेक्स्ट ठेवलाय, नंबर फंक्शनला देवनागरी आकडे कळत नाहीत.

कराडकर_ताई
त्यांना कीबोर्ड बदलायला सांगू नकोस, त्यांची सवय बरोबर आहे. ० ते ९ युनिकोडमध्ये ओळीनं आहेत, शून्याचा कोड २४०६. प्रत्येक देवनागरी आकड्याच्या कोडातनं तो वजा केला की अंक मिळतो, मग नंबर कर. दराच्या खान्याला पण हेच लाव.